आपली विचारशक्ती पूर्वीसारखी आहे का, हे नेमकं कसं तपासायचं? आणि ती टिकवायला खरोखर काय उपयोगी पडतं?

शुद्धलेखा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण तपशील दिल्याशिवाय उत्तर देणाऱ्याला अंदाज येणार नाही.

मी मुद्रितशोधक आहे, वय ५३. माझं काम लक्ष आणि स्मरण या दोन गोष्टींवरच उभं आहे. पहिल्या प्रकरणात एखाद्याचं लग्न १९६२ साली झालेलं असेल आणि नवव्या प्रकरणात त्याच्या थोरल्या मुलाचा जन्म १९६० सालचा दिला असेल, तर माझी पेन्सिल आपोआप थांबायची. कुठेही टिपून ठेवलेलं नसे. एकाच शब्दाची दोन रूपं पुस्तकात मिसळलेली असली, तर दुसरं रूप दिसताक्षणी पहिलं कुठल्या पानावर होतं, डाव्या की उजव्या, तेही डोळ्यांसमोर यायचं.

गेल्या वर्ष-दीड वर्षात यात फरक पडलाय. परिच्छेद वाचून संपतो आणि त्यात काय होतं ते पाहायला परत वर जावं लागतं. ओळखीच्या माणसाचं नाव ओठावर येऊन अडतं आणि तासाभराने भलत्याच कामात असताना आठवतं. फोनवर कुणी तारीख आणि पानांची संख्या एका दमात सांगितली, तर लिहून घेईपर्यंत त्यातलं एक निसटलेलं असतं. प्रत्येक फॉर्म, म्हणजे छपाईच्या पानांचा एकेक संच, दोनदा वाचायची शिस्त असल्यामुळे कामाचा दर्जा टिकून आहे, पण तेवढ्याच पानांना वेळ जास्त लागतो आणि दुपारनंतर डोकं जड होतं.

रजोनिवृत्तीचा काळ सुरू आहे, झोप तुटक झाली आहे, पहाटे तीन-चारला जाग येते ती येतेच. हे एक कारण असेल असं वाटतं. पण माझ्या आईला सत्तरीनंतर स्मृतिभ्रंश झाला होता आणि तिचीही सुरुवात नावं विसरण्यापासूनच झाली होती. त्यामुळे एखादं नाव अडलं की मन लगेच तिकडे धावतं.

फोनवर मिळणाऱ्या मेंदूच्या चाचण्या करून पाहिल्या. एकीने माझ्या 'मेंदूचं वय' माझ्या वयापेक्षा बरंच जास्त सांगितलं, दुसरीने बरंच कमी. यावरून मी काय समजायचं? डॉक्टरांकडे जाऊन रीतसर तपासणी करावी का? अशा तपासणीत नक्की काय करतात? आणि रोजचं काम नीट व्हावं म्हणून घरच्या घरी जे करता येईल, त्यातलं कशाला खरा आधार आहे आणि कशाला नाही? कुणाला प्रत्यक्ष माहिती असेल तर कृपया सविस्तर लिहा.

कोडेप्रेमी

ताई, एवढी काळजी करू नका. मी निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी शब्दकोडं आणि सुडोकू सोडवतो, आठवड्यातून दोनदा बुद्धिबळ. वय ७१, सगळं व्यवस्थित लक्षात राहतं. मेंदूला काम देत राहणं हाच उपाय. फोनवर मेंदूच्या व्यायामाची ॲप्स असतात, ती माझ्या मित्रमंडळींतही बरेच जण वापरतात आणि फायदा झाला असं सांगतात. तुम्ही तर शब्दांतल्याच, तुम्हाला शब्दकोडी सहज जमतील. रोज अर्धा तास काढून बघा.

मनोमापन

शुद्धलेखाताई, तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. स्मरण, लक्ष, भाषा, नियोजन यांच्या चाचण्या घेणं आणि त्यांचे अहवाल लिहिणं हे मी अनेक वर्षं करते आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

'मेंदूचं वय' सांगणारे आकडे आधी पूर्ण बाजूला ठेवा. अशा बहुतेक खेळांत बोट किती चपळ चालतं, पडदा केवढा आहे, तो खेळ आधी किती वेळा खेळलात, याचाच मोठा वाटा असतो. कुठलीही चाचणी पुन्हा पुन्हा केली की माणूस त्या चाचणीत पटाईत होतो. म्हणून दवाखान्यातल्या चांगल्या चाचण्यांच्या एकापेक्षा जास्त आवृत्त्या असतात आणि दोन तपासण्यांमध्ये बरेच महिने जाऊ दिले जातात.

दवाखान्यात पहिल्या भेटीत साधारणपणे दोनपैकी एक छोटी चाचणी होते. एमएमएसई ही १९७५ सालची, फोलस्टीन यांनी मांडलेली. दुसरी मोका, नासरेद्दीन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेली. दोन्ही ३० गुणांच्या, दहाएक मिनिटांत होणाऱ्या. मोकामध्ये घनाकृती पाहून काढायची असते, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ काढायचं असतं, १०० मधून ७ वजा करत जायचं असतं आणि सांगितलेले पाच शब्द काही मिनिटांनी आठवायचे असतात. घड्याळाचं चित्र फार बोलकं असतं. 'अकरा दहा' ऐकल्यावर मोठा काटा दहाच्या आकड्याकडे ओढला जातो. ती ओढ रोखून तो दोनवर न्यायचा, म्हणजे नियम लक्षात ठेवायचा, आधीची सवय आवरायची आणि चित्राचं नियोजनही करायचं. एवढं सगळं त्या एका वर्तुळात दिसतं.

मोकामध्ये २६ किंवा त्याहून जास्त गुण सर्वसाधारण मानले गेले आणि १२ वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण झालेल्यांना एक गुण वाढवून देण्याची सोय ठेवली गेली. शिक्षणाचा एवढा परिणाम होतो, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. या चाचण्या चाळणीसारख्या आहेत, जाड गोष्टी अडकतात आणि बारीक निसटतात. तुमच्यासारखी भाषेवर पकड असलेली व्यक्ती २९ गुण मिळवेल आणि तरीही तिच्या कामात खरा फरक पडलेला असू शकेल. शाळा लवकर सुटलेल्या एखाद्या माणसाला २३ मिळतील आणि त्याचं सगळं आयुष्यभर असंच छान चाललेलं असेल. म्हणून मी गुणांच्या आधी एकच विचारते: पूर्वीच्या तुमच्याशी तुलना केली तर काय बदललं? ते तुम्ही इथे इतकं नेमकं लिहिलं आहे की माझं अर्धं काम झालं.

तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टी एकाच जातीच्या नाहीत. त्या वेगळ्या करून पाहू.

परिच्छेद वाचून हाती काही न लागणं हा बहुतेक वेळा लक्षाचा प्रश्न असतो. शब्द डोळ्यांखालून गेले, पण आत नोंदलेच गेले नाहीत. जे नोंदलं नाही ते आठवणार कुठून? झोप, चिंता, थकवा, डोळ्यांचा नंबर, खोलीतला आवाज, या सगळ्याचा पहिला घाव इथेच पडतो.

नाव ओठावर येऊन अडणं हा वेगळा प्रकार. ब्राउन आणि मॅकनील यांनी १९६६ मध्ये याचा नीट अभ्यास केला. त्यांना असं दिसलं की अडलेल्या शब्दाचं पहिलं अक्षर, त्याची लांबी, असं बरंच काही माणसाला ठाऊक असतं, फक्त शब्द येत नाही. निरोगी माणसातही वयाबरोबर हे वाढतं आणि विशेषनामांच्या बाबतीत सगळ्यांत जास्त. तासाभराने ते नाव आपसूक येतं, याचा अर्थ ते जागच्या जागी आहे, तिथवर पोचायला वेळ लागतोय.

फोनवरचे आकडे निसटणं ही तिसरी गोष्ट, कार्यकारी स्मृती. डोक्यात काही क्षण धरून ठेवायची ही जागा मुळातच फार लहान असते. मिलर यांनी १९५६ मध्ये साधारण सात गोष्टी म्हटलं होतं. कोवन यांनी २००१ मध्ये पुरावा तपासून ती संख्या चारच्या आसपास आणली. तारीख, पानसंख्या आणि बोलणाऱ्याचा पुढचा प्रश्न एकदम आला, तर कुणाचंही काहीतरी सुटणार.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टींची. एकाच संभाषणात तोच प्रश्न परत विचारला जातो आणि आधी विचारल्याची आठवणच नसते. ओळखीच्या रस्त्यावर दिशा चुकते. वर्षानुवर्षं केलेल्या कामाचा क्रम लागत नाही. स्वभाव पालटतो. 'सांगितलेल्या शब्दांत एका वाद्याचं नाव होतं' असा धागा दिल्यावरही आठवत नाही, चार नावांतून ओळखायला सांगितलं तरी ओळखता येत नाही. बरेचदा हे त्या माणसाच्या स्वतःच्या लक्षातही आलेलं नसतं, घरच्यांना आधी दिसतं. म्हणून आम्ही घरच्या एका माणसाशी स्वतंत्र बोलतो. एडी-८ नावाची आठ प्रश्नांची छोटी प्रश्नावली याचसाठी आहे. तिच्यातला प्रत्येक प्रश्न 'गेल्या काही वर्षांत बदल झाला का?' एवढंच विचारतो. मात्र स्वतःला जाणवतंय म्हणजे नक्कीच काही नाही, असंही मी म्हणणार नाही. स्वतःला जाणवलेला बदल गंभीरपणेच घ्यावा.

आईबद्दल. सत्तरीनंतर सुरू होणाऱ्या स्मृतिभ्रंशात आई-वडिलांपैकी कुणाला तो झाला असेल तर मुलांची जोखीम काहीशी वाढते, पण तो लिहून ठेवलेला निकाल नसतो. एका जनुकातून थेट उतरणारे प्रकार अतिशय विरळ आहेत आणि ते बहुतेक पासष्टीच्या आतच दिसू लागतात. तुमच्या आईचं तसं दिसत नाही.

आता काय करायचं ते. स्मृतीच्या तज्ज्ञाकडे जाण्याआधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि दुरुस्त होण्यासारखी कारणं एकेक करून तपासून घ्या. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब. कान आणि डोळे. घोरणं आणि झोपेत श्वास अडणं. मन उदास राहणं, कारण नैराश्यात स्मरण इतकं मंदावू शकतं की तो स्मृतिभ्रंशच वाटावा. आणि घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी दाखवा, दुकानातून आपणहून आणलेल्यांसकट. झोप आणणारी जुन्या पद्धतीची सर्दी-ॲलर्जीची औषधं, लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिली जाणारी काही औषधं, नैराश्यावर आणि नसांच्या दुखण्यावर दिलं जाणारं अ‍ॅमिट्रिप्टिलिन, झोपेच्या काही गोळ्या, यांनी स्मरण आणि लक्ष दोन्ही मंदावतात. मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर बी-१२ कमी होऊ शकतं. कुठलंही औषध मनाने बंद मात्र करू नका.

रजोनिवृत्तीचं तुम्ही ओघात लिहिलंत, पण मी ते वरच्या क्रमांकावर ठेवेन. अमेरिकेत बायकांच्या मोठ्या गटावर अनेक वर्षं चाललेल्या अभ्यासात असं दिसलं की या संक्रमणाच्या काळात नवीन गोष्टी शिकण्याचा वेग मंदावतो आणि पाळी पूर्ण थांबल्यानंतरच्या काळात तो पुन्हा सावरतो. तुटकी झोप त्यात भर घालते. झोपेबद्दल २००३ सालचा व्हॅन डॉन्गेन यांचा प्रयोग मी प्रत्येकाला सांगते. लोकांना सलग १४ दिवस रात्री ६ तासच झोपू दिलं, तर त्यांच्या लक्षात आणि स्मरणात सलग दोन रात्री जागलेल्या माणसाइतकी घट होऊ शकते, असं त्यात दिसलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपण इतके मंदावलो आहोत हे त्यांना स्वतःला फारसं जाणवतच नव्हतं. म्हणजे 'मला एवढी झोप पुरते' हे आपलं मत मोजमाप म्हणून धरता येत नाही.

आणि मोजमाप तुमच्या टेबलावरच आहे! असं कितीजणांच्या नशिबी असतं? साध्या गद्याची एकसारखी पानं घ्या. एका पानाला लागलेला वेळ, पहिल्या वाचनात सापडलेल्या चुका, दुसऱ्या वाचनात सापडलेल्या चुका, दिवसातली वेळ आणि आदल्या रात्रीची झोप, एवढं एका वहीत काही आठवडे लिहा. चांगल्या झोपेनंतरच्या सकाळी तुम्ही पूर्वीसारख्या असाल आणि वाईट रात्रीनंतरच मागे पडत असाल, तर ही वही डॉक्टरांना कुठल्याही ॲपपेक्षा जास्त सांगेल. चांगल्या दिवशीही घसरण दिसली, तर तेही कळणं गरजेचं आहे.

धाकटा

मनोमापनताईंनी कानांचा उल्लेख केला म्हणून लिहितोय. माझे वडील ७६ वर्षांचे. गेली दोन वर्षं आम्ही भावंडं हेच म्हणत होतो की बाबा विसरायला लागलेत. सांगितलेलं लक्षात ठेवत नाहीत, चारचौघांत गप्प बसतात, भलतंच उत्तर देतात. तपासणीला नेलं तेव्हा पाच शब्दांच्या चाचणीत अडखळले. पण ज्या ताई चाचणी घेत होत्या त्यांनी शब्द आठवायला सांगण्याच्या आधी ते लगेच परत म्हणून दाखवायला लावले, आणि तिथेच कळलं की पाचपैकी दोन शब्द बाबांनी मुळातच वेगळे ऐकले होते. त्यांनी चाचणी तिथेच थांबवून आधी कान तपासायला सांगितलं. दोन्ही कानांत बरीच कमतरता निघाली.

श्रवणयंत्र बसवून आता काही महिने झालेत. सुरुवातीला ते काढून ठेवायचे, भांड्यांचे आवाज डोक्यात जातात म्हणायचे. पुन्हा दोनदा जाऊन त्याची सेटिंग बदलून घेतली, मग सवय झाली. आता फोनवर मावशीशी तासभर बोलतात. विसरणं पूर्ण गेलेलं नाही, वय आहे, पण आम्ही ज्याला विसरणं म्हणत होतो त्यातलं बरंचसं न ऐकणं होतं. कानांची तपासणी कुणीही पुढे ढकलू नये असं मला फार वाटतं.

ताई, श्रवणयंत्राने स्मृतिभ्रंश टळतो असं कुठेतरी वाचलं. ते खरं आहे का?

शुद्धलेखा

मनोमापनताई, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना बरंच शांत वाटलं. वही सुरू करते आहे. रात्री घसा आणि नाक बंद होतं म्हणून सर्दीची गोळी मी गेला पूर्ण हिवाळा अधूनमधून घेत होते, तिचाही विचार या दृष्टीने कधी मनात आला नव्हता. डॉक्टरांना दाखवते.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. एक, कोडेप्रेमीकाका म्हणतात त्या शब्दकोड्यांचा आणि ॲपचा उपयोग होतो का? मला कोडी आवडतात, पण दिवसभर अक्षरांतच असते, संध्याकाळी पुन्हा अक्षरंच घेऊन बसणं जिवावर येतं. दुसरं, तपासण्या होतील तेव्हा होतील, पण उद्या सकाळी टेबलावर प्रूफं आहेतच. डोकं आत्ता जसं आहे तसं धरून काम चांगलं व्हावं यासाठी काही करता येतं का?

मनोमापन

धाकटे, तुमच्या वडिलांची चाचणी ज्यांनी मध्येच थांबवली त्यांनी फार चांगलं केलं. श्रवणयंत्राबद्दल सांगते. २०२३ साली 'अचीव्ह' नावाचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर, तीन वर्षांचा. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर श्रवणयंत्राने विचारशक्तीची घसरण कमी झाली असं दिसलं नाही. पण ज्यांची जोखीम मुळात जास्त होती, त्या गटात घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. त्यामुळे टळतो असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण बाबा मावशीशी तासभर बोलतात, एवढ्या एका कारणासाठीही यंत्र वापरायलाच हवं. माणसांतून उठून जाणं हे मेंदूसाठी स्वतंत्रपणे वाईट आहे.

कोडेप्रेमीकाका, तुम्ही कोडी आणि बुद्धिबळ मनापासून खेळता, लोकांत मिसळता, हे उत्तमच आहे आणि ते सोडू नका. पण शुद्धलेखाताईंना उपाय म्हणून मी ते सांगणार नाही. 'ॲक्टिव्ह' या अमेरिकेतल्या प्रयोगात २,८३२ वयस्क लोक होते आणि त्यांतल्या तीन गटांना स्मरण, तर्क किंवा वेग यांपैकी एकेका गोष्टीचं प्रशिक्षण दिलं होतं. ज्याचा सराव केला त्यात माणसं सुधारली, पण स्मरणाचा सराव केलेल्यांचा तर्क सुधारला नाही आणि तर्काचा सराव केलेल्यांचं स्मरणही सुधारलं नाही. शब्दकोडी सोडवून माणूस शब्दकोड्यांत तरबेज होतो. ॲपच्या जाहिराती याच्या कितीतरी पुढे जाऊन बोलतात. २०१६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ल्युमॉसिटीच्या कंपनीवर पुराव्यापलीकडचे दावे केल्याचा ठपका ठेवला आणि २० लाख डॉलरवर ते प्रकरण मिटलं.

ताई, तुमचा मेंदू दिवसभर अक्षरांचं काम करतोच आहे. त्याला संध्याकाळी जे मिळत नाही ते द्या, म्हणजे चालणं. दम किंचित लागेल असं. एरिक्सन यांच्या २०११ मधल्या अभ्यासात १२० वयस्क लोक होते. वर्षभर आठवड्यातून तीनदा भरभर चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे नवीन आठवणी घडवणाऱ्या भागाचं, आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढलं. फक्त ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचं तेवढ्या काळात कमी झालं. आकारमान वाढलं म्हणजे स्मरण त्याच मापात वाढलं असं त्यातून निघत नाही, हेही सांगते. तरीही झोप, मन आणि रक्तदाब या तिन्हींवर एकदम चांगला परिणाम करणारं दुसरं काही मला माहीत नाही.

रक्तदाबाकडे लोक या दृष्टीने बघत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. मधल्या वयातला वाढलेला रक्तदाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करत राहतो आणि त्याचा परिणाम वीस-वीस वर्षांनी दिसतो. 'स्प्रिंट माइंड' या २०१९ मधल्या प्रयोगात वरचा आकडा १२० च्या खाली आणायचं लक्ष्य ठेवलेल्या गटात, १४० चं लक्ष्य असलेल्यांच्या तुलनेत, सौम्य बौद्धिक घट झालेल्यांचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघालं. कुणासाठी किती खाली आणायचा हे डॉक्टरच ठरवणार, पण मोजून घ्याच. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ बदलता येण्याजोगी कारणं मोजली. त्यांत ऐकू कमी येणं, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा, उपचार न केलेली नजरेची कमतरता, असं बरंच आहे. ही सगळी कारणं दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. हा आकडा सगळ्या जगाचा आहे, एका माणसाच्या नशिबाचा नाही.

आता उद्याची प्रूफं.

एका वाचनात सगळं पकडायचं हे तुम्हाला आजवर जमलं, पण ती कार्यकारी स्मृतीवरची फार मोठी मागणी होती. आता वाचनं वेगळी करा. एक फेरी फक्त आकडे आणि सनावळी, एक फक्त विशेषनामं, एक ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं, आणि अर्थासाठी एक सलग. प्रत्येक फेरीत डोक्यात एकच नियम. पुस्तकातल्या माणसांची जन्मसालं, नाती, शब्दांची निवडलेली रूपं पहिल्याच भेटीत कागदावर उतरवा. पूर्वी हा कागद डोक्यात होता. तो टेबलावर आला म्हणून तुमचं कसब कमी झालं असं मुळीच नाही. डोकं रिकामं राहील आणि जी चूक कागदावर मावत नाही ती पकडायला मोकळं राहील.

काम मध्येच तोडू नका. एका कामावरून दुसऱ्यावर गेलं की आधीच्या कामाचा काही अंश मनात रेंगाळतो आणि नवीन काम खराब होतं, हे सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं आहे. उठावंच लागलं तर उठण्याआधी समासात एक ओळ लिहा, 'इथवर झालं, पुढे अमुक बघायचंय'. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. तुमच्या चांगल्या वेळा वहीतून कळतीलच, त्या अवघड पानांना द्या आणि दुपारी पत्रव्यवहार, अनुक्रमणिका जुळवणं असलं काम ठेवा.

परिच्छेद हाती लागत नसेल तर वर जाऊन पुन्हा वाचण्याआधी नजर कागदावरून काढा आणि त्यात काय होतं ते स्वतःला एका वाक्यात सांगायचा प्रयत्न करा. न पाहता आठवणं हे पुन्हा वाचण्यापेक्षा जास्त टिकतं, रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ मधला प्रयोग याच गोष्टीवर आहे. आणि फोनवर तारीख आली की लगेच मोठ्याने परत म्हणा आणि पुढचं ऐकण्याआधी लिहा. समोरच्याला 'एक मिनिट, लिहून घेते' म्हणण्यात संकोच वाटायचं काही कारण नाही.

शुद्धलेखा

समासात ओळ लिहून उठायचं, हे आजच करून पाहिलं आणि परत आल्यावर दोन वाक्यांत लय लागली. वेगवेगळ्या फेऱ्यांना एकूण वेळ जास्त लागेल अशी भीती होती, पण आकड्यांची फेरी फार झपाट्याने होते. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. सगळं ठीक निघालं तरी एकदा तुमच्यासारख्यांकडून सविस्तर चाचणी करून घ्यावी का? माझी बहीण बरोबर येते म्हणतेय, तिला आणू का?

मनोमापन

डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघालं तर आधी त्यावर उपचार होऊ द्या, काही महिने जाऊ द्या आणि मग वही पुन्हा बघा. फरक नसेल तर सविस्तर चाचणी जरूर करा. लक्षणं नसलेल्या सगळ्याच वयस्कांना सरसकट चाचणी करावी की नाही, याबद्दल अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२० मध्ये पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं होतं. तुमचं तसं नाही. तुम्हाला ठोस तक्रार आहे आणि घरात इतिहास आहे. सविस्तर चाचणीला काही तास लागतात, गुणांची तुलना तुमच्या वयाच्या आणि शिक्षणाच्या लोकांशी होते आणि आजचा अहवाल पुढच्या तुलनेसाठी पाया म्हणून हाती राहतो. त्यात सौम्य घट निघाली तरी ती स्मृतिभ्रंशाकडेच जाते असं समजू नका. बरीच माणसं आहेत तिथेच राहतात आणि काहींची पूर्ववत होतात.

बहिणीला जरूर आणा. तिला आधी काही पढवू नका, मला तिचं निरीक्षण तिच्या शब्दांत हवं असतं. वाचायचा चष्मा न्या. सकाळची वेळ मागून घ्या. आदली रात्र अगदीच वाईट गेली तर तसं आल्या आल्या सांगा, आम्ही दिवस बदलून देतो.

एक गोष्ट इथल्या सगळ्यांसाठी. वर जे लिहिलं ते महिनोन् महिने हळूहळू होणाऱ्या बदलाबद्दल आहे. एखादा माणूस एक-दोन दिवसांत अचानक गोंधळला, माणसं ओळखेनासा झाला, असंबद्ध बोलू लागला, किंवा बोलताना जीभ अडखळून तोंड एका बाजूला गेलं, तर वह्या आणि चाचण्या यांची वाट बघू नका. संसर्ग, औषधाचा परिणाम, सोडियम कमी होणं किंवा पक्षाघात असू शकतो. त्याच तासाला रुग्णालयात न्या.